सुटले आकडे, अडकले आकडे

५ फेब्रुवारी १९४६, मंगळवार

वही एकदाची हातात आली. यांनी ती परवाच आणली होती, पण सिस्टरनी दोन दिवस कपाटात ठेवली. डॉक्टरांची परवानगी हवी म्हणे. परवानगी मिळाली ती अशी: रोज अर्धा तास लिहावं, वाचन नको, डोक्याला ताण तर मुळीच नको. सांगलीच्या मुलींच्या शाळेत सहा वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे कमालच झाली.

मिरजेपासून दोन कोसांवरच्या या क्षयाच्या आरोग्यधामात मला चार महिने झाले. बायकांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात आम्ही पाचजणी आहोत. खाटा एका ओळीत, हात लांब केला तर शेजारणीच्या खाटेला लागेल एवढ्या जवळ. पहिली भामाबाई, मग अंबूबाई, शालूबाई, लीलाबाई, आणि टोकाला मी, राजमती. सिस्टर मात्र नावं घेत नाहीत. त्या केस नंबर पुकारतात. सकाळी तापाची नळी घेऊन येतात आणि “एकशेएकसष्ट!” म्हणाल्या की लीलाबाई तोंड उघडते. मी तीनशेसदतीस.

दुपारी एक ते चार सक्तीची विश्रांती. बोलायचं नाही, हलायचं नाही. समोर सगळा माळ तापलेला असतो, लांब मिरजेच्या स्टेशनावर इंजिनं शीळ घालतात, आणि अंगात बारीक ताप चढू लागला की माळ हळूहळू वर उचलला जातो आहे असं वाटतं. मला हे आवडतं, हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

आज शालूबाईला ऑपरेशनचं सांगितलं. फासळ्या काढून फुप्फुस दाबायचं, म्हणजे तिथली जखम भरेल. छातीत हवा भरून पाहिली, उपयोग झाला नाही. दुसरा इलाज नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. ती एकोणीस वर्षांची आहे, शिरवळकडच्या एका खेड्यातली. कृष्णात नावाचा नवरा लढाईवर होता, मे महिन्यात सुटून येणार आहे. ती म्हणाली, “न्हाई. बाई वाकडी हुती त्यानं. मी न्हाई अंगठा द्यायची.” आणि भिंतीकडे तोंड करून पडली. डॉक्टरांनी मुदत दिली आहे मार्चअखेरपर्यंत. मोठे सर्जन एप्रिलच्या सुरुवातीला येतात.

८ फेब्रुवारी

शालूबाई जेवत नाही. मी तिला समजावायला गेले तर म्हणाली, “तुमी शिकल्याल्या. तुमाला काय भ्याव न्हाई.” मला भीती वाटत नाही हे हिला कोणी सांगितलं?

दुपारी तापात एक विचार आला. मूळ संख्या मला लहानपणापासून आवडतात. ज्यांना एकाखेरीज आणि स्वतःखेरीज कुणाचा भाग जात नाही त्या. सात, अकरा, तेरा. कुणाच्या रांगेत न बसणाऱ्या. आज डोळे मिटले तर त्या माळावर एकेकट्या बसलेल्या दिसल्या, प्रत्येकीची सावली वेगळ्या बाजूला पडलेली. मनात आलं, मला ताण नको असेल तर मी कशाला भागाकार करू? पाच खाटा आहेत. प्रत्येकीनं एकेका आकड्याचा भाग घालून पाहावा. लाडवाची कृती लिहितो तशी कृती लिहायची. कृतीबरहुकूम करणारीला लाडू का वळतो हे ठाऊक असण्याची गरज नाही. आकडे ओळखता आले आणि बिया मोजता आल्या की पुरे.

आकडे कुणालाच येत नाहीत. ते शिकवावे लागतील. नाहीतरी वेळ आहे.

१० फेब्रुवारी, रविवार

यांना चिंचोके आणायला सांगितलं होतं. आमच्या हळदीच्या दुकानातलं छोटं पोतं भरून आणले. वर म्हणाले, “दवाखान्यात सारीपाट मांडणार काय? आजारी बायकांना कामाला लावलंस तर त्यांचे नवरे मला धरतील.” मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत होते माझ्या मनगटाकडे. बांगड्या कोपरापर्यंत वर जातात आता. मग म्हणाले, “कर. तुझे डोळे पूर्वीसारखे दिसायला लागलेत.” हळदीचा वास मागे ठेवून गेले. संध्याकाळपर्यंत उशीला होता.

१४ फेब्रुवारी

आकडे चार दिवसांत आले. शालूबाईला दोनच दिवसांत. भिंतीकडचं तोंड तिनं आकड्यांसाठी इकडे वळवलं, तेवढं तरी झालं.

आज वाटणी केली आणि तिथंच घोटाळा झाला. भामाबाईला मी तेरा दिले. ती पांघरूण डोक्यावर घेऊन रडायलाच लागली. “तेराव्याचा आकडा माझ्या पदरात का टाकता? मी काय मेले व्हय?” हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लीलाबाईचं तोंड म्हणजे सुरी. ती म्हणाली, “आणा हिकडं त्यो तेरा. माझ्या सासूच्या तेराव्याला बुंदी लय झ्याक झाली हुती.” सगळ्या हसल्या. भामाबाईही पांघरुणाआड हसली, खाट हलत होती.

तेव्हा आता भामाबाईकडे दोन, तीन आणि पाच. ते सोपे आहेत, त्यात मोजणं कमी. अंबूबाईकडे सात, शालूबाईकडे अकरा, लीलाबाईकडे तेरा, माझ्याकडे सतरा. तीनशेपर्यंत तपासायला एवढे पुरतात.

कृती अशी. मी चिठ्ठीवर आकडा लिहिते, ती भामाबाईकडे जाते. जिचा भाग पूर्ण गेला, बाकी काही उरली नाही, तिनं चिठ्ठी आपल्या डबीत टाकायची: आकडा अडकला. बाकी उरली तर चिठ्ठी शेजारणीला द्यायची. माझ्यापर्यंत येऊन माझ्याकडूनही जी निसटली ती सुटली. “सुटला” आणि “अडकला” हे शब्द त्यांचेच. मूळ संख्या हा शब्द कुणालाच आवडला नाही.

१५ फेब्रुवारी

माझ्या कृतीत चूक निघाली आणि ती काढली अंबूबाईनं. सातची चिठ्ठी तिच्याकडे आली. तिनं सात चिंचोके घेतले, सात उचलले, काही उरलं नाही, म्हणून चिठ्ठी डबीत. मी म्हटलं, सात सुटायला हवा. ती म्हणाली, “मग तसं लिहा की. म्या तुमच्या सांगण्यापरमानं केलं.” खरं होतं. माणूस समजून घेतो म्हणून शाळेत आपण अर्धवट सांगतो आणि आपल्याला ते कळत नाही. कृतीत ओळ घातली: आपलाच आकडा आला तर अडकवायचा नाही.

मग एकाची चिठ्ठी. ती सगळ्यांकडून सुटली. मी म्हटलं, एक धरायचा नसतो.

“का वं?” अंबूबाईनं विचारलं.

“तसा नियम आहे.”

“एकटं हाय म्हणून वगळायचं व्हय?”

अंबूबाई कुंडलची, पन्नाशीच्या पुढची. इथं तिसरं वर्ष. दोन मुलगे फौजेत, सुना घर सांभाळतात. तिला भेटायला कोणी आलेलं मी पाहिलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

विश्रांतीच्या वेळात लीलाबाईच्या मांडीवरचे सव्वाशे चिंचोके फरशीवर सांडले. साऱ्या वॉर्डात खडखडाट. सिस्टर धावत आल्या, मग डॉक्टर आले. वाटलं, संपलं सगळं. डॉक्टरांनी चिठ्ठ्या पाहिल्या, पाचही जणींच्या तापाचे तक्ते पाहिले. ताप कुणाचाच वाढलेला नव्हता. “आवाज नको,” एवढंच म्हणाले. जाताना शालूबाईच्या खाटेशी थांबले. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

२० फेब्रुवारी

एवढे चिंचोके मोजायची गरजच नाही, हे आज दुपारी अर्धवट झोपेत सुचलं आणि मी इतक्या जोरात उठून बसले की खोकल्याची उबळ आली. शंभरातून सात सात काढत गेलं तर शेवटी दोन उरतात. दहातून तीन. मग शंभर कशाला मोजायचे? प्रत्येक शंभराचे दोन चिंचोके मांडावेत, प्रत्येक दहाचे तीन, आणि सुट्यांचे जितके असतील तितके. एकशेतेहेतीस आला: दोन, नऊ आणि तीन. चौदा चिंचोके. दोन सातं, बाकी शून्य. अडकला. एकशेसदतीस: अठरा चिंचोके, चार उरले. सुटला. असंच सगळ्यांच्या आकड्यांचं केलं.

अंबूबाई म्हणाली, “हे म्हंजे राशीतनं वानोळा बघितल्यागत झालं.” शालूबाईनं तर सगळ्यांच्या कृती तोंडपाठ म्हणून दाखवल्या. स्वतःची अकराची, अंबूबाईची सातची आणि लीलाबाईची तेराचीही. मुलगी शाळेत असती तर मी तिला पहिल्या बाकावर बसवली असती.

२३ फेब्रुवारी

ताप १००.२. दोन दिवस लिहिलं नाही. चिठ्ठ्या मात्र चालू होत्या. दुपारी पाच खाटांवरून कागद सरकत येतो, कुणी बोलत नाही, वाऱ्यानं एखादी चिठ्ठी फडफडली की बोटाखाली दाबायची. माझ्या हातात येते तेव्हा ती चार हातांची ऊब घेऊन आलेली असते. मला वाटतं हे असंच वर्षानुवर्षं चालू राहावं आणि आकडे संपू नयेत. मग वाटतं, हे काय मागणं झालं, इथं राहण्याचं?

आज दोनशेनऊ शालूबाईकडे अडकला. दोनशेनऊ म्हणजे अंबूबाईचा केस नंबर. शालूबाईनं अकरा चिंचोके पुन्हा पुन्हा मोजले, तिचं तोंड उतरलं. अंबूबाईनं पलीकडून हात लांब करून स्वतःच चिठ्ठी तिच्या डबीत टाकली. चार वाजल्यावर म्हणाली, “बरुबर हाय की गं. आमी हितलंच. कुटं जातोय?” आणि हसली.

१ मार्च

तीनशेपर्यंत झालं! माझ्या जुन्या बीजगणिताच्या मागे लिहिलेलं मला आठवतं: तीनशेच्या आत बासष्ट मूळ संख्या. आमच्या यादीत भरले चौसष्ट. दोन आकडे घुसखोर.

शोधून काढले. एकशेएकसष्ट, म्हणजे सात गुणिले तेवीस. आणि दोनशेसत्त्याऐंशी, सात गुणिले एक्केचाळीस. दोन्ही अंबूबाईच्या हातून निसटलेले. वयाचा परिणाम असणार. हात थरथरतात, एखादा चिंचोका पडला तरी कळत नाही. मी तिला रागावले नाही, पण नव्यानं शिकवावं लागेल.

४ मार्च

अंबूबाईची परीक्षा घेतली. वीस आकडे दिले, मुद्दाम अवघड. वीसही बरोबर. हात काही थरथरत नव्हते.

“मग ते दोन कसे चुकले?” मी विचारलं.

“नदर चुकली आसंल गड्या,” ती म्हणाली आणि लुगड्याचा पदर नीट करत बसली. लीलाबाई उगाचच खोकली.

काही कळत नाही. विसातले वीस बरोबर, आणि नेमके ते दोन चूक. कदाचित त्या दिवशी तिला ताप असेल.

७ मार्च

आतल्या वॉर्डातली गुणमाला आज घरी गेली. सांगलीचीच पोर, आमच्याच जैन बस्तीत दर्शनाला येणारी. एक्स-रे स्वच्छ निघाला. जाताना व्हरांड्यात येऊन सगळ्यांच्या पाया पडली, अंबूबाईच्या दोनदा. सिस्टरनी वहीत नोंद करताना मोठ्यानं म्हटलं, “दोनशेसत्त्याऐंशी, रजा.”

मी ते ऐकलं आणि तरी संध्याकाळपर्यंत मला काही उमगलं नाही. मग लीलाबाईच खाट वाजवत म्हणाली, “मास्तरीणबाई, तुमच्या चिट्टीनं कौल दिला बगा. पोरीचा आकडा सुटला आन पोर बी सुटली. माझा बी सुटलाय. आता मी बी चालले सातारला!”

कौल! त्यांच्या गावाकडे देवाच्या मूर्तीला फुलं चिकटवतात, उजवीकडचं फूल आधी पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. मी चिंचोक्यांतून शुद्ध गणित उभं केलं आणि या बायकांनी त्याचा देव करून टाकला. मी फार चिडले. म्हटलं, हा कौल नाही, या आकड्यांना तुमच्या फुप्फुसाचं काही ठाऊक नाही. सगळ्यांनी डब्या बाजूला ठेवल्या. मला उगाच वाईट वाटत राहिलं.

आणि अंबूबाई! तिनं मुद्दाम सोडले. ज्यांचे आकडे तिच्या सातात अडकत होते त्या दोघींना तिनं सोडलं आणि स्वतःला मात्र अडकू दिलं. विचारलं तर म्हणाली, “म्या म्हातारी, मला काय मोजता येतंय?”

११ मार्च

आणखी एक खरं इथं लिहून ठेवते, कुणी वाचणार नाही. माझा तीनशेसदतीस मी पहिल्याच आठवड्यात गुपचूप तपासून पाहिला होता. सुटतो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. इतरांना कौल नाही म्हणून ओरडणारी ती हीच बाई.

१९ मार्च

होळी झाली. आतल्या वॉर्डातल्या कुणाच्या तरी घरून पोळ्या आल्या, आम्हाला अर्धी अर्धी मिळाली. शालूबाईनं तिची तशीच ठेवली.

डॉक्टर तिच्याशी आज पाऊण तास बोलले. तिचं वजन घटतं आहे. बाहेर येऊन सिस्टरना हलक्या आवाजात म्हणाले ते मला ऐकू आलं: ऑपरेशन नाही केलं तर दिवाळी बघणार नाही ही मुलगी. माळावर ऊन नुसतं पाण्यासारखं हलत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

२४ मार्च, रविवार

यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तिला कोणी सोबतीचं हवंय, पटवणारं नको.” हळद विकणाऱ्या माणसाला हे कसं सुचतं?

हे गेल्यावर शालूबाईनं मला हाक मारली. “मास्तरीणबाई, माझी चिट्टी लावा. चारशेतेरा. सुटला तर देते अंगठा. अडकला तर मला घरी सोडाय सांगा, तितंच मरते.”

मी म्हटलं, “शालू, अगं हा कौल नाही.”

“आसूंद्या. माझ्यापुरता हाय.”

मी हो म्हणाले. खाटेवर येऊन पडले आणि डोळे मिटून मांडलं. चार शंभरांचे आठ. एका दहाचे तीन. सुटे तीन. चौदा. दोन सातं, बाकी शून्य.

चारशेतेरा म्हणजे सात गुणिले एकोणसाठ. तो मूळ नाही. कितीही वेळा मांडला तरी नाही.

२५ मार्च

सहा वर्षांत मी एकाही मुलीला उगाच एक मार्क दिला नाही. राजमतीबाई म्हणजे चोख, असं हेडबाई सगळ्यांना सांगायच्या. गणितात माणसाच्या मर्जीला जागा नाही म्हणून तर मला ते प्रिय. आता त्याच गणितानं खोटं बोलावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडते आहे. आणि सोडलं, आणि ती टेबलावरच गेली, तर? तो सात मग जन्मभर माझ्या डोक्यावर.

अंबूबाईशी बोलावं म्हणून उठले. ती म्हणाली, “तू तुजं बग पोरी. माजं मी बगीन.”

२६ मार्च

आज लावली.

एक वाजता चिठ्ठी भामाबाईकडे दिली. तिनं शेवटचा आकडा पाहिला, तीन. दोनचा नाही, पाचचा नाही. आकड्यांची बेरीज आठ, म्हणून तीनचाही नाही. अंबूबाईकडे गेली. अंबूबाईनं मांडीवर फडकं पसरलं आणि चिंचोके मांडले. इतक्या सावकाश की मला एकेक मोजता आला. आठ. तीन. तीन. मग तिनं एक सात बाजूला केलं. मग दुसरं. फडक्यावर काही उरलं नव्हतं, हे मला माझ्या खाटेवरून दिसत होतं. शालूबाई मधल्या खाटेवर होती, तिला तर हात लांब केला असता तर फडकं लागलं असतं. पण ती माळाकडे बघत होती.

अंबूबाईनं रिकाम्या फडक्याकडे पाहिलं, चिठ्ठी उचलली आणि शालूबाईच्या हातात दिली.

शालूबाईनं आपले अकरा केले. सहा उरले. लीलाबाईनं तेरा केले, दहा उरले. एवढी बडबडी बाई, पण चिठ्ठी मला देताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी सतरा केले, पाच उरले. पाचशेपर्यंत एकोणीसही लागतात म्हणून एकोणीस केले, चौदा उरले.

चार वाजेपर्यंत चिठ्ठी माझ्या मुठीत होती. वारा पडला होता. मिरजेकडून गाडीची शीळ आली आणि बराच वेळ माळावर रेंगाळत राहिली. चार वाजले तसं मी म्हटलं, “सुटला.”

मी खोटं बोलले नाही. माझ्या वाट्याचे सतरा आणि एकोणीस खरंच बसत नव्हते. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं आणि आता तसंच ठेवते.

शालूबाई उठून बसली. मग सिस्टरना हाक मारून म्हणाली, “कागूद आणा.”

१ एप्रिल

दुपारी मोटार येऊन तिला मिरजेला घेऊन गेली. जाताना तिनं चिंचोक्यांची डबी माझ्याकडे दिली. हात गार होते. अंबूबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. तिसरी खाट रिकामी आहे, म्हणून चिठ्ठी पुढं जाऊ शकत नाही. कुणाला तशी इच्छाही नाही.

२ एप्रिल

आज.

कळलेलं नाही.

३ एप्रिल

ऑपरेशन झालं. जिवंत आहे. एवढंच सिस्टर म्हणाल्या. भामाबाईनं देव पाण्यात ठेवला. मी णमोकार म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच चारशेतेरा, चारशेतेरा असं म्हणत होते असं माझ्या लक्षात आलं.

७ एप्रिल, रविवार

ताप चढला तिला. यांनी मिरजेत दवाखान्याच्या दाराशी जाऊन विचारलं. आत सोडलं नाही. “अजून सांगता येत नाही” असं उत्तर मिळालं. मी यांना सातची गोष्ट सांगितली, आणि मी गप्प राहिले तेही. हे म्हणाले, “तू काय, मीही तेच केलं असतं.” मला तेवढ्यानं काही बरं वाटलं नाही.

१० एप्रिल

स्वप्नात माळावर मूळ संख्या बसल्या होत्या आणि त्यांच्यात एक चारशेतेरा. बाकीच्या सरकून तिला जागा करून देत होत्या. जागी झाले तेव्हा अंबूबाई माझ्या पायाशी बसून पाय चेपत होती. तिला खाटेवरून उठायची मनाई आहे.

१३ एप्रिल

ताप उतरला म्हणे. लीलाबाई मोठ्यानं रडली. ही बाई कधी रडेल असं मला वाटलं नव्हतं.

२३ एप्रिल

शालूबाई परत आली. स्ट्रेचरवरून उतरवून तिसऱ्या खाटेवर ठेवली. डावा खांदा खाली आला आहे, ती थोडी वाकडी दिसते. चेहरा मूठभर. पण श्वास घेताना आधी जो आवाज यायचा तो येत नाही. डॉक्टर म्हणाले, जखम दाबली गेली आहे, आता नीट खाल्लं तर वर्षाच्या आत घर. कृष्णातला पत्र गेलं आहे. तो पुढच्या महिन्यात उतरला की आधी इथंच येईल.

दिवसभर आम्ही तिला बोलू दिलं नाही. संध्याकाळी तिनं खुणेनं मला जवळ बोलावलं. मी तिच्या तोंडाशी कान नेला.

“मास्तरीणबाई, चारशेतेरात सात बसतंय.”

मी तिथंच खाटेच्या कडेवर बसले. “कधी मोजलंस?”

“चिट्टी लावाय सांगितली त्याच्या आदल्या दिशी. चौदा चिंचोकं आलं. दोनदा मांडलं.”

“मग? माहीत असून लावायला का सांगितलीस?”

तिला दम लागला. मी म्हटलं, राहू दे, उद्या सांग. तिनं माझा पदर धरून ठेवला.

“म्हणलं, आडवत्यात का सोडत्यात बगू. अंबूआत्तीनं चौदा मांडलं, मला सगळं दिसत हुतं. तुमी मूठ धरून बसला ते बी दिसत हुतं. तुमी तर कुणालाबी फुकट सोडत न्हाई.” ती थांबली, पुन्हा श्वास घेतला. “आकडा न्हाई सुटला, बाई. तुमी समद्यांनी सोडलं. मग म्हणलं, एवढ्या बायका सोडत्यात तर जाऊन यावं.”

मला रडू फुटलं. अंबूबाई पलीकडच्या खाटेवर डोळे मिटून पडली होती, पण तिचा हात शालूबाईच्या पायावर होता. मी बराच वेळ रडले आणि कुणीही मला गप्प केलं नाही.